पत्रातली राहिलेली ओळ

४ जानेवारी

प्रिय कासवा,

आई काल दुपारी सुखरूप पोचली. बसमध्ये शेजारच्या बाईशी मैत्री करून, तिच्या सुनेबद्दल तीन सल्ले देऊन आणि स्वतःची छत्री तिथेच विसरून उतरली, म्हणजे प्रवास उत्तम झाला म्हणायचा. महिना-दोन महिने राहील. विशेष काही नाही, हवापालट. तू उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस.

उद्यापासून तुझी नोकरी. ह्यांनी मालकांकडे शब्द टाकलाय. आणि ह्यांना कुणाकडे शब्द टाकायचा म्हणजे दाढ काढून घेतल्यासारखं होतं, तेव्हा तो वाया घालवू नकोस. शिड्यांचा कारखाना आहे. तयार शिडी तपासायची आणि शिक्का मारायचा, एवढंच काम. दोन वर्षं जमिनीत पुरलेले सुरुंग शोधणाऱ्या माणसाला शिडी म्हणजे हातचा मळ. ती बिचारी डोळ्यांदेखत उभी असते.

आठवड्याला एक पत्र यायला हवं. लढाईवर होतास तेव्हा इमानेइतबारे लिहायचास. आई तेव्हा माझ्याकडेच होती. मी वाचून दाखवायचे आणि ती फक्त एका ओळीची वाट बघत बसायची: ‘मी ठीक आहे, इकडे सर्व ठीक, काळजी नसावी.’ ती आली की मला थांबवून पुन्हा वाचायला लावायची. बाकीचं पत्र तिच्या लेखी नमनाचं तेल. तिच्या डोळ्यांना आता अक्षर दिसत नाही, पण कान माझ्यापेक्षा तिखट आहेत. तेव्हा आळस करू नकोस.

दुधाचं भांडं रोज घास. वेळेवर जेव.

तुझी ताई


११ जानेवारी

ताई,

पत्र मिळालं. दुधाचं भांडं घासतो.

नोकरीचा पहिला आठवडा झाला. कारखाना म्हणजे एक लांब पत्र्याची शेड. एका टोकाला लाकूड आणि लोखंडी नळ्या आत येतात, दुसऱ्या टोकाला शिड्या बाहेर पडतात आणि त्या टोकाला मी. माझ्याआधीचा तपासनीस गुडघे गेले म्हणून घरी बसला. पद्धत अशी आहे: शिडी भिंतीला लावायची, प्रत्येक पायरीवर उभं राहून दोनदा दाब द्यायचा, सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत जायचं, उतरायचं आणि उभ्या दांड्यावर गोल शिक्का मारायचा. जांभळी शाई. ‘तपासले. ठीक.’ त्या शिक्क्याशिवाय शिडी गाडीत चढत नाही.

फोरमन म्हणतो, आधीचा माणूस दिवसाला चाळीस शिड्या काढायचा. मी आठवड्यात अकरा तपासल्या. नवा आहे म्हणून सोडून देतात. हळूहळू वेग येईल. कासव म्हणून तर तू माझं नाव ठेवलंस.

आपल्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत हे तुला माहीत होतं का? इतकी वर्षं चढलो-उतरलो, कधी मोजल्या नव्हत्या. आता बाबांची काठी घेऊन उतरतो. खालची शिवणवाली विचारते, पायाला काय झालं. पायाला काही झालेलं नाही. एक ओरखडाही नाही.

आईचा दंड आता कसा आहे ते कळव. भाऊजींना नमस्कार.

तुझा
कासव


१६ जानेवारी

प्रिय कासवा,

दंडाला काय झालंय? आई म्हणते, दाराला आपटला. काळानिळा डाग होता, आता पिवळा पडलाय. तुला ठाऊक आणि मला नाही, असा कसा हा दरवाजा?

आणि तू पत्रात ती ओळ लिहायला विसरलास. मी वाचायला बसले, आई समोर. काठीपाशी आले, ओरखड्यापाशी आले, पत्र संपत आलं आणि ओळ काही येईना. मग मी माझ्याच पदरची घातली. ‘मी ठीक आहे, इकडे सर्व ठीक, काळजी नसावी.’ अगदी तुझ्या आवाजात वाचली. आई चहा प्यायली, पत्र मागून घेतलं आणि कमरेला खोचलं.

दुपारी मी भाजी घेऊन येते तर ही खाली प्रूफकाकांच्या दारात बसलेली. प्रूफकाका म्हणजे आमच्या तळमजल्यावरचे. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली त्यांनी. कागदावर आहे तेवढंच वाचतात, स्वल्पविरामसुद्धा जास्तीचा घेत नाहीत. आईने त्यांना पत्र वाचायला दिलं होतं. झालं. माझं पितळ उघडं. वर येऊन मला म्हणाली, “तू चांगलं वाचतेस, पण ते म्हातारे खरं वाचतात.” आता यापुढे तुझी पत्रं तेच वाचणार म्हणे.

तर आता पुढच्या पत्रात मुकाट्याने ती ओळ लिही. शाई महाग झालीय का? लढाईवर, डोक्यावरून गोळे जात असताना लिहीत होतास. आता डोक्यावर पंखा आहे.

तुझी ताई


२३ जानेवारी

ताई,

शिड्या साठल्या आहेत. शेडच्या त्या टोकाला आता चालायला जागा नाही. माझ्या हातून एकीवरही शिक्का पडलेला नाही. मागच्या पत्रात मी अकरा ‘तपासल्या’ असं लिहिलं, ते खरं आहे. शिक्का मारला असं मी लिहिलं नव्हतं.

वरच्या पायरीवर जातो. सगळं मजबूत असतं. उतरतो. शिक्का हातात घेतो आणि वाटतं, चौथी पायरी पाहिली का? पाहिलीच असणार, तिच्यावरूनच तर वर गेलो. तरी पुन्हा चढतो. मग सहावीचं तसंच. फोरमन वेल्डरला म्हणाला, “दुधाने तोंड पोळलेला माणूस आहे, ताक फुंकून पितोय.” ते मला ऐकू आलं. त्याचं चुकलंय असंही नाही, पण माझं फुंकून फुंकून ताक संपत नाही.

घरातून निघतानाही तसंच होतं. गॅसचा खटका, नळ, कडी, मग सतरा पायऱ्या. सातला सुरुवात करतो तेव्हा कुठे साडेआठला रस्त्यावर पोचतो.

दंडाचं विचारलंस. दाराने काही केलेलं नाही. आई जिना उतरत होती. शिवणवालीने नुकताच पुसला होता, ओला होता. आईने पाऊल उचललं आणि मी मागून तिचा दंड धरून ओढलं. किती जोरात धरला ते मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं. त्यानंतर चारच दिवसांनी ती तुझ्याकडे आली. ‘हवापालट’ तू लिहिलंस. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस, ताई? ती मला घाबरून गेली ना? तसं असेल तर तसं सांग. मी समजून घेईन.

ती ओळ मला लिहिता येत नाही. आग्रह करू नकोस.

कासव


२८ जानेवारी

कासवा,

आई तुला घाबरून आलेली नाही. आई कुणालाही घाबरत नाही, हे तुला आणि मला दोघांनाही लहानपणापासून अंगावर वळ उठेपर्यंत माहीत आहे.

आता भांडं बाहेर काढते. तिच्या पोटात गाठ आहे. नोव्हेंबरात तू घरी आलास त्याच आठवड्यात तिला कळली. म्हणाली, पोरगं आत्ता तर परत आलंय, त्याला दोन दिवस सुखाचे घालवू दे. इकडे माझ्याकडे चांगलं रुग्णालय आहे म्हणून आली. डॉक्टर म्हणतात, अजून वाईट नाही. काढून टाकली तर सुटका आहे. ठेवली तर वाईट होईल. तारीख दिलीय, १८ फेब्रुवारी. त्यापुढे ढकलू नका असं बजावून सांगितलंय.

आणि घोडं इथेच अडलंय. तुझं मागचं पत्र काकांनी तिला वाचून दाखवलं, दंडासकट. ऐकून झाल्यावर तिने जाहीर केलं, “त्याच्या हातचं ‘ठीक’ आल्याशिवाय मी त्या टेबलावर आडवी होणार नाही. तो तिथे असा अडकलेला असताना मला काही झालं तर त्याला कोण आहे?” मी समजावलं, ह्यांनी समजावलं, डॉक्टरांनी आवाज चढवला. ती ढिम्म.

मी तुझ्याजागी लिहून टाकलं असतं. पण ती काकांना अक्षर ओळखायला लावते. तुझ्या ‘ठ’ला शेपूट असतं म्हणे.

मी तुला कधी काही मागितलेलं नाही. लहानपणी माझी सायकल मोडलीस तेव्हाही नाही. आता एक ओळ मागते आहे. खरी आहे की खोटी, मला कर्तव्य नाही. आईचा जीव तिच्यावर अडकलाय. लिही आणि पाठव.

ताई


७ फेब्रुवारी

कासवा,

दहा दिवस झाले. पत्र नाही.

काल कारखान्यात फोन केला. फोरमन म्हणाला, “तो शिडीवर आहे.” मी म्हटलं, बोलवा, मी थांबते. तो म्हणाला, “बाई, तो सकाळपासून शिडीवर आहे. वरच्या पायरीवर. वेल्डरने हाक मारली, मालकांनी मारली, खाली उतरत नाही. बोलतो नीट, हसतोसुद्धा, पण पाय उचलत नाही.” मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले.

मी रागावून लिहिलं होतं. चुकलं माझं. पण अकरा दिवस राहिलेत आणि मला तुमच्या दोघांच्या मधे उभं राहून काय करावं ते कळत नाहीये. मला एकटीला सगळं कळत असतं असं तुम्हाला वाटतं. मला काहीही कळत नाहीये.

निदान जिवंत आहेस एवढं तरी लिही.

ताई


१० फेब्रुवारी

ताई,

उतरलो. पाच वाजता वेल्डर वर आला आणि त्याने माझा एकेक पाय हाताने धरून खालच्या पायरीवर ठेवला. त्याने दुसऱ्या दिवशी त्याचा उल्लेख केला नाही. भला माणूस आहे.

तू विचारलंस, एक ओळ लिहायला काय जातं. ते सांगतो. हे पत्र आईला दाखवू नकोस.

सुरुंगाच्या रानातून वाट काढायची असते तेव्हा चौघे एका रांगेत जातात. पहिला पोटावर. त्याच्या हातात हातभर लांबीची बारीक सळई असते. ती तिरकी जमिनीत घालायची, काही लागलं नाही की दोन बोटं सोडून पुन्हा, पुन्हा दोन बोटं सोडून पुन्हा. हातभर जमीन अशी तपासली की दोन्ही कडांना पांढरी फीत लावायची आणि मागच्याला मोठ्याने सांगायचं, “ठीक.” तो शब्द ऐकल्याशिवाय मागचा पाऊल उचलत नाही. आणि ऐकल्यावर तो विचारत नाही, नीट पाहिलंस का. पद्धतच तशी. विचारत बसलं तर वाट कधी होणारच नाही.

माझ्या मागे लांब्या असायचा. माझ्या पत्रांत त्याचं नाव तू वाचलं असशील. ताडमाड उंच, सैन्यात येण्याआधी घरं रंगवायचा. आयुष्य शिड्यांवर गेलेलं. तो सांगायचा, रंगाऱ्यांच्यात एक रीत आहे: वर चढलं की खाली शिडी धरणाऱ्याकडे वळून बघायचं नाही. बघितलं तर त्याचा अपमान होतो. माझ्या मागे चालतानाही तो खाली बघायचा नाही. शीळ घालत यायचा.

एकोणीस ऑगस्टला आम्ही सकाळपासून चार तास रांगत होतो. माझे गुडघे बधिर झाले होते. शेवटची हातभर जमीन उरली होती, तिच्यापुढे पक्का रस्ता. मी म्हटलं, “ठीक.” लांब्याने पाऊल टाकलं.

ठीक म्हटल्याचं मला आठवतं. माझा आवाज आठवतो. त्या शेवटच्या हातभर जमिनीत सळई घातल्याचं आठवत नाही. घातली नाही असंही आठवत नाही. तिथे नुसती मोकळी जागा आहे. साहेबांनी अहवालात लिहिलं की ढांग लांब असल्यामुळे त्याचा पाय फितीबाहेर पडला असावा. असावा. मला काही विचारलं नाही. पाठ थोपटली आणि संध्याकाळी नेहमीसारखे पत्रांचे कागद वाटले. मी आईला पत्र लिहिलं.

आता सांग. मी ज्याला ठीक म्हणतो तो माझ्यावर विसंबून पाऊल टाकतो. शिडीवर शिक्का मारला की कुठला तरी रंगारी तिच्यावर चढणार, खाली न बघता. आणि आता आई थांबलीय. माझ्या तोंडून ठीक ऐकलं की ती उठून त्या टेबलाकडे चालायला लागणार. नाही लिहिलं तर ती जाणार नाही आणि गाठ वाढणार. लिहिलं आणि तिला तिथे काही झालं, तर तो शब्द पुन्हा माझाच. दोन्हीकडे मीच उभा आहे. मी सुटायची वाट शोधतोय आणि तीही मला सळईने शोधावी लागतेय.

तुझं पत्र आल्यावर शिक्का खिशात घालून घरी आणला. चोरीच म्हण. वाटलं, हाताने लिहिता येत नाही तर निदान शिक्का मारून पाठवू, आई समजेल. तीन दिवस टेबलावर आहे. आज पॅडवर टेकवला, कागदापर्यंत आणला. खालच्या कोपऱ्यात जांभळा डाग दिसेल तो माझ्या अंगठ्याचा आहे. शिक्क्याचा नाही.

मला माफ कर.

कासव


१४ फेब्रुवारी

माझ्या कासवा,

दाखवू नकोस असं तू लिहिलंस आणि मी दाखवणारही नव्हते. पण पोस्टमनने पाकीट काकांच्या हातात दिलं आणि काका जिन्यातूनच ओरडले, “भावाचं आलंय, जाडजूड आहे.” आईने मला उठूच दिलं नाही.

काकांनी सगळं वाचलं. एका सुरात, न थांबता, जसं आहे तसं. मी ओट्याला टेकून उभी होते. कितीदा तरी वाटलं, त्यांच्या हातातून कागद ओढून घ्यावा आणि माझ्या पदरचं काहीतरी वाचावं. लांब्याचा पाय आला तेव्हा ह्यांनी उठून पाण्याचा नळ बंद केला, तो आधीपासून बंदच होता.

वाचून झाल्यावर आई म्हणाली, “तो पत्रांचा डबा काढ. एकोणीस ऑगस्टचं बघ.” ते होतं. काकांनी ते उजेडात धरलं. हवा बरी आहे, मोजे मिळाले, आणि खाली ती ओळ. ‘मी ठीक आहे, इकडे सर्व ठीक, काळजी नसावी.’ काका म्हणाले, “सगळ्या पत्रांत ही ओळ या पत्रात सर्वांत ठळक आहे. दोनदा गिरवलेली दिसते.” आईने ते पत्र मागून घेतलं आणि बराच वेळ हात फिरवत बसली. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. रडलीही नाही. मला तिची भीती वाटते.

तुझी चूक नाही रे. मला सळई कळत नाही आणि फीत कळत नाही, पण तुला मी ओळखते. चार तास जमिनीवर रांगणारा माणूस शेवटचा हातभर तुकडा सोडत नसतो.

आता त्या ओळीचं मी काही मागणार नाही. पुढे काय होणार ते मला माहीत नाही.

ताई


१७ फेब्रुवारी

बाळा,

मी सांगते आहे आणि खालचे काका लिहीत आहेत. वर तारीख मुद्दाम घालायला सांगितली आहे, ती बघून ठेव.

उद्या सकाळी मी ऑपरेशनला जाते. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. म्हणूनच आज टाकते. मी तुला विचारलेलं नाही आणि तू मला काही सांगितलेलं नाही. मी माझ्या पायांनी जाते आहे. काही बरंवाईट झालंच, तर ते तुझ्या शब्दाने झालं असं तुला म्हणता येणार नाही. माझ्याकडे तुझा शब्दच नाही.

ठीक ठीक म्हणून मी तुझ्यामागे लागले, ते तुझ्या काळजीने असं मी सगळ्यांना सांगत होते. ते अर्धंच खरं. मला त्या टेबलाची भीती वाटत होती. तू ठीक म्हणालास की माझी भीती जाईल असं वाटलं. भीती माझी, आणि ओझं तुझ्या डोक्यावर द्यायला निघाले. आता ती परत घेतली आहे.

दंड दुखला होता. ताईला दाराचं नाव सांगितलं ते खोटं. पण मी आले ती गाठीसाठी आले, दंडासाठी नाही. गाठीचं तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. तुला सुख म्हणून लपवलं आणि तू भलतंच समजून बसलास. आपण तिघंही एकमेकांना सगळं ठीक आहे असं सांगत बसलो आणि तिघंही अडकलो.

ताईने लिहिलं असेल की तुझी चूक नाही. तिची माया आहे. मी तसं लिहिणार नाही. तुलाच आठवत नाही तर मला कुठून कळणार? मी नाही म्हटलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस, आणि मग माझ्या बाकीच्या बोलण्यावरही ठेवणार नाहीस. ते न कळणं आता तुझ्याजवळ राहील. मला त्याचं फार वाईट वाटतं. तुझ्या जवळ येऊन बसता आलं असतं तर बसले असते.

ती ओळ मला यापुढे लिहू नकोस. एकोणीस ऑगस्टला तू ती गिरवून लिहिलीस आणि मी ती दोनदा वाचून घेतली आणि पोटभर जेवले. पुन्हा मला तसं जेवायचं नाही. जे असेल ते लिही. काही नसेल तर कोरा कागद पाठव.

आई

(बाईंनी सांगितलं तसंच लिहिलं आहे. दोन ठिकाणी त्या थांबल्या, तिथे मीही थांबलो.)


२४ फेब्रुवारी

प्रिय कासवा,

झालं. गाठ काढली, लिंबाएवढी होती. डॉक्टर म्हणतात वेळेवर आलात. आई चार-पाच दिवस ग्लानीत होती, काल नीट शुद्धीवर आली. कारखान्यात फोन करून फोरमनकडे निरोप ठेवला होता, पण तो म्हणाला तू तीन दिवस आलेलाच नाहीस. निरोप पोचला नसेल तर हे पत्र वाचून आता श्वास सोड.

काल तुझं कार्ड आलं. ‘आईचं पत्र मिळालं. मी जिन्यात बसलो आहे. काय झालं ते कळव.’ एवढंच. मी ते घेऊन रुग्णालयात गेले. तिने डोळे उघडले आणि पाणी मागायच्या आधी विचारलं, “त्याचं काही आलंय?” मी म्हटलं, आलंय. “त्यात ती ओळ आहे का?” मी म्हटलं, नाही. “मग बरं,” म्हणाली आणि झोपली. नर्सने मला विचारलं, कुठली ओळ. मी बाहेर जाऊन रडले.

आता पुढचं. परवा तिला घरी आणतो. डॉक्टर म्हणतात, पुढच्या आठवड्यापासून जिना उतरायला हरकत नाही, चालायलाच हवं. पण हिचा नवा हट्ट: “तो आला की त्याच्यासोबत उतरेन.” माझे तीन मजले आहेत, तुझ्या सतरापेक्षा बरेच जास्त. तू ये. दोन दिवस राहा. बस सकाळी सातला सुटते, दुपारी इथे. तिला उतरायला घाई नाही असं ती म्हणते, पण दिवसभर खिडकीशी बसून खाली बघत असेल.

ताई


४ मार्च

ताई,

पत्र मिळालं तेव्हा पहिल्यांदा वाचून विश्वास बसला नाही, म्हणून आणखी वाचलं. ‘झालं’ हा शब्द किती वेळा तपासला ते सांगत नाही, तू हसशील.

शिक्का परत केला. मालक चिडले नाहीत. म्हणाले, “तू ज्या शिड्या बघतोस त्यांत दोन खरोखर तडकलेल्या निघाल्या. आधीच्याला दहा वर्षांत एक सापडली नव्हती. तू नुसतं तपास, शिक्का फोरमन मारेल.” त्यांना वाटलं, माझा प्रश्न सुटला. मी म्हटलं, मग ठीक कोणाचं? ते म्हणाले, कारखान्याचं. मला हे पटलेलं नाही, पण शिड्या आता गाडीत चढतात. शेडच्या टोकाला चालायला जागा झाली आहे. एखादी शिडी निघाली की मी तिच्याकडे बघत नाही.

मी परवा निघालो होतो. सगळं आवरून सातव्या पायरीपर्यंत आलो आणि गॅसचा खटका आठवला. वर गेलो. चार वेळा गेलो. बस गेली. काल रस्त्यावर पोचलो, साडेसहालाच पोचलो. बसथांब्याच्या अलीकडे पाण्याचा नळ टाकायला रस्ता खणलाय, मातीवर एक फळी टाकली आहे. लोक तिच्यावरून जात होते. शिवणवाली गेली, एक म्हातारा सायकल हातात धरून गेला. मी अलीकडे उभा राहिलो. सातची गेली आणि त्यानंतरची दहाचीही गेली. मग घरी आलो. आज वेल्डर म्हणाला, उद्या मी येतो, फळीपलीकडे उभा राहतो. मी त्याला विचारलं, फळी पाहिलीस का? तो म्हणाला, नाही पाहिली. मला ते त्याचं बोलणं आवडलं.

तर उद्या पुन्हा निघतो. उद्या नाही जमलं तर परवा. मी येईनच असं लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही धरून चालाल.

पण एक सांगायचं आहे, आणि हे आईला वाचून दाखव, काकांना त्रास नको, तूच दाखव. माझ्यासाठी तिने वर बसून राहू नये. तिला जिना उतरावासा वाटला तर उतरू दे. तुझ्या पायऱ्या मी पाहिलेल्या नाहीत, किती आहेत तेही मला माहीत नाही, त्यांच्याबद्दल मला काहीच सांगता येणार नाही. तिला म्हणावं, त्याने काही सांगितलेलं नाही, तू उतर.

हे आहे असंच वाच. पदरचं काही घालू नकोस.

तुझा
कासव